नोंदणी नसलेली पेढी भाडेकरूला बाहेर काढू शकते का? कलम ६९ ची गोष्ट

एक प्रश्न देते. पुढे वाचण्याआधी त्याचं उत्तर स्वतःशी ठरवून ठेवा.

समजा, सावर्ड्याच्या बाजारपेठेत, मुंबई-गोवा रस्त्याला लागून तिघांनी भागीदारीत एक इमारत बांधली. खाली चार गाळे, मागे वखार. गाळे भाड्याने द्यायचे आणि येईल तो नफा तिघांनी वाटून घ्यायचा, हाच त्यांचा धंदा. भागीदारीचा कागद स्टॅम्पपेपरवर व्यवस्थित केलेला आहे, पण रजिस्ट्रार ऑफ फर्म्सकडे पेढीची नोंद कधी केलीच नाही. एक गाळा पाच वर्षांच्या कराराने दिला. तो भाडेकरार मात्र दुय्यम निबंधकाकडे रीतसर नोंदवलेला. पाच वर्षं संपली. भाडेकरू म्हणतो, "मी काही उठत नाही. आणि तुम्ही चिपळूणच्या कोर्टात जाऊच शकत नाही. तुमची पेढी सरकारी रजिस्टरात आहे कुठे?"

त्याचं म्हणणं बरोबर आहे का?

उदाहरण मी रचलेलं आहे, सावर्ड्यात जाऊन त्या इमारतीचा शोध घेऊ नका. पण प्रश्न खरा आहे आणि तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेला आहे. मी एम.एस्सी. केली रसायनशास्त्रात, पीएच.डी. करतेय कोकणातल्या लहान पेढ्यांच्या व्यवहारांच्या इतिहासावर. त्यामुळे दिवाणी दाव्यांचे कागद वाचणं हे आता माझं रोजचं काम. त्या कागदांत "वादीची पेढी नोंदलेली नाही, सबब दावा चालण्यास पात्र नाही" अशा अर्थाचं वाक्य भेटलं, की त्याचा अर्थ नेमका काय लावायचा? तुमच्यापैकी जे आर्थिक किंवा सामाजिक इतिहासात संशोधन करायच्या तयारीत आहेत, त्यांना हे वाक्य कधी ना कधी भेटणारच. म्हणून हा लेख.

आधी 'नोंदणी' या शब्दाचा गुंता सोडवू, कारण निम्मा घोटाळा तिथेच होतो. भागीदारीचा करारनामा निबंधकाकडे नोंदवला म्हणजे पेढीची नोंदणी झाली असं नाही. दुकानाचं शॉप ॲक्टचं लायसन असणं हीसुद्धा पेढीची नोंदणी नव्हे. आणि सगळ्यात फसवा प्रकार इन्कम टॅक्सचा. १९२२ च्या प्राप्तिकर कायद्याखाली, आणि नंतर १९६१ च्या कायद्याखालीही अगदी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत, पेढीला करासाठी 'रजिस्टर्ड फर्म' म्हणून मान्यता घेता यायची. जुन्या कागदात 'रजिस्टर्ड फर्म' असं दिसलं तर ते कोणत्या कायद्याखालचं, हे बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. आपल्याला इथे हवी ती नोंद एकच: भारतीय भागीदारी कायदा, १९३२ याखाली रजिस्ट्रार ऑफ फर्म्सच्या पुस्तकात झालेली.

१९३२ च्या आधी काय होतं?

१८७२ च्या करार कायद्यात भागीदारीवर एक अख्खं प्रकरण होतं, कलम २३९ ते २६६. त्यात पेढीच्या नोंदणीची भानगडच नव्हती. चार माणसं एकत्र आली, पैसा घातला, वही उघडली, की भागीदारी झाली. कागद केला तर ठीक, नाही केला तरी ठीक. तोंडी भागीदारी आजही वैध आहे, हे लक्षात ठेवा. नोंदणी नसलेली पेढी म्हणजे बेकायदा पेढी नव्हे. तिला माल घेता येतो, विकता येतो, भाडं घेता येतं, पावती देता येते. सगळं करता येतं. फक्त कोर्टाचं एक दार तिला बंद असतं.

हे दार बंद करण्याची कल्पना इंग्लंडमधून आली. तिथे १९१६ साली व्यापारी नावांच्या नोंदणीचा कायदा झाला. पेढी भागीदारांच्या स्वतःच्या आडनावांऐवजी दुसऱ्याच नावाने चालत असेल तर नोंद सक्तीची, न केल्यास दंड, आणि वर त्या धंद्यातल्या करारांच्या अंमलबजावणीसाठी कोर्टात जाण्यावर मर्यादा. अडचण सोपी होती: दुकानाच्या पाटीवर एक नाव, आणि आत मालक कोण ते कुणालाच ठाऊक नाही. उधारी बुडाली तर दावा लावायचा कुणावर?

भारतात मसुदा तपासायला विशेष समिती बसली. ब्रजेंद्रलाल मित्तर, दिनशा मुल्ला, अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि आर्थर एगर असे त्यात चौघे. यातले मुल्ला मुंबईचे. दिवाणी संहितेवरचं त्यांचं पुस्तक वकिलांच्या कपाटात आजही असतं. समितीने इंग्लंडची सक्ती आणि दंड दोन्ही बाजूला ठेवले. कारण दिलं ते मला फार व्यवहारी वाटतं: भारतात सुरुवातीलाच इतकं कडक पाऊल झेपणार नाही, आणि हंगामापुरत्या उभ्या राहणाऱ्या, लहानसहान पेढ्या त्यात नाहक भरडल्या जातील. म्हणून नोंदणी ऐच्छिक ठेवली. पण नोंद न करणाऱ्याला तिसऱ्या माणसावर दिवाणी कोर्टात आपला दावा चालवता येणार नाही, अशी मेख मारून ठेवली. सरळ मारायचं नाही, पण गरज पडेल तेव्हा जाणवेल असं काहीतरी.

कायदा १ ऑक्टोबर १९३२ पासून लागू झाला. कलम ६९, म्हणजे ही मेख, मात्र एक वर्ष उशिरा, १ ऑक्टोबर १९३३ पासून. पेढ्यांना नोंद करून घ्यायला तेवढा वेळ दिला. नोंदणीच्या अर्जाची फी कायद्याच्या परिशिष्टात जास्तीत जास्त ३ रुपये अशी धरली होती. शंभर रुपयांपर्यंतच्या लहान दाव्यांना कलम ६९ मधून सूटही दिली. ही शंभरची मर्यादा मूळ कायद्यात आहे तिथेच राहिली. १९३२ चे शंभर रुपये आणि आजचे शंभर रुपये यांतला फरक तुम्हीच बघा. लहान माणसाला वाचवायला ठेवलेली फट नुसत्या महागाईने बुजून गेली. कायद्याच्या इतिहासात असे आकडे शोधत चला, एखादा शोधनिबंध त्यातूनच निघतो.

कलमात नेमकं काय लिहिलंय

कलम ६९ चं दुसरं पोटकलम आपल्या कामाचं. त्याचा आशय असा: करारातून निर्माण झालेला हक्क बजावण्यासाठी कोणत्याही पेढीच्या वतीने तिसऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात दावा दाखल करता येणार नाही, जोवर पेढी नोंदलेली नाही आणि दावा करणाऱ्यांची नावं रजिस्टरात भागीदार म्हणून दाखवलेली नाहीत.

प्रयोगशाळेत आम्हाला एक सवय लावतात. दोन गोष्टी एकदम बदलायच्या नाहीत; एक स्थिर ठेवायची आणि दुसरी हलवून बघायची. हे कलम तसंच वाचा. त्यात दोन अटी आहेत. दावा 'पेढीच्या वतीने' असला पाहिजे, आणि हक्क 'करारातून आलेला' असला पाहिजे. दोन्ही एकदम खऱ्या असतील तरच दार बंद. एक जरी गळली तरी कलम ६९(२) आड येत नाही.

पहिली अट आधी हलवू. घरमालक खरोखर 'पेढी' आहेत का?

कोकणात हा प्रश्न वाटतो त्याहून जास्त वेळा येतो. वडिलांनी बांधलेली चाळ तीन भावांकडे आली, ते भाडं वाटून घेतात, पावतीपुस्तकावर 'अमुक ब्रदर्स' असं छापलेलं आहे. भाडेकरू म्हणणार, ही भागीदारीच! पण त्याच कायद्याच्या कलम ६ चं पहिलं स्पष्टीकरण सांगतं, की सामाईक मालमत्तेचं उत्पन्न वाटून घेतलं एवढ्यानेच माणसं भागीदार होत नाहीत. आणि कलम ५ म्हणतं, की एकत्र हिंदू कुटुंब आपला कुटुंबाचा धंदा चालवत असेल तर त्याचे सदस्य त्या कारणाने भागीदार ठरत नाहीत. म्हणजे हे भाऊ सहमालक आहेत, पेढी नाहीत. त्यांना कलम ६९ लागतच नाही. सहमालकाला भाडेकरूविरुद्ध दावा लावता येतो, बाकीचे सहमालक सोबत नाहीत ही तक्रार भाडेकरूला तिथे चालवता येत नाही, हे श्रीराम पसरिचा विरुद्ध जगन्नाथ या १९७६ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगून ठेवलंय.

तेव्हा फाईल हातात आली की पहिलं बघायचं ते सातबारा किंवा सिटी सर्व्हेचा उतारा आणि खरेदीखत. जागा कुणाच्या नावावर घेतली, पैसे कुठून आले? पेढीच्या पैशातून घेतलेली मालमत्ता कलम १४ प्रमाणे, उलट हेतू दिसत नसेल तर, पेढीचीच धरतात. पावतीपुस्तकावरचं नाव हा पुरावा आहे खरा, पण दुय्यम. एखादं नाव 'आणि कंपनी' असं आहे म्हणून मालक पेढी ठरत नाही. कोकणातल्या निम्म्या किराणा दुकानांच्या पाट्या मग कंपन्याच म्हणाव्या लागतील.

आपल्या उदाहरणातले तिघे मात्र खरोखर भागीदार आहेत. भाड्याने देणं हाच त्यांचा धंदा. पहिली अट पूर्ण होते. आता दुसरी.

हक्क आला कुठून?

भाडेकरूचा युक्तिवाद सरळ आहे. भाडेकरार हा करार, त्यातूनच जागा परत मागण्याचा हक्क आला, म्हणून कलम ६९. पहिल्यांदा ऐकलं तर अगदी बिनतोड वाटतं. आणि बराच काळ वेगवेगळ्या उच्च न्यायालयांत यावर एकवाक्यता नव्हती.

कलम ६९ कडक रीतीने वाचायची परंपराही होती. जगदीशचंद्र गुप्ता विरुद्ध कजारिया ट्रेडर्स हा १९६४ चा निकाल बघा. प्रकरण मुंबईहून गेलेलं. दोन पक्ष मिळून मँगनीजचं खनिज परदेशी पाठवणार होते. वाद झाला, करारात लवादाची तरतूद होती, पण भागीदारी नोंदलेली नव्हती. न्या. हिदायतुल्ला यांनी लिहिलेल्या निकालात लवाद नेमण्याचा अर्जसुद्धा कलम ६९ खाली अडवला गेला. म्हणजे दावाच नव्हे, करारातल्या हक्कासाठी केलेली 'इतर कार्यवाही'सुद्धा बंद. हे वातावरण डोळ्यासमोर ठेवा म्हणजे पुढच्या निकालाचं वजन कळेल.

रॅप्टाकोस ब्रेट आणि कंपनी विरुद्ध गणेश प्रॉपर्टी. सर्वोच्च न्यायालय, १९९८. रॅप्टाकोस ब्रेट ही मुंबईची औषध कंपनी, जागा कोलकात्यातली, आणि मालक गणेश प्रॉपर्टी ही भागीदारी पेढी, जी दावा लावला तेव्हा नोंदलेली नव्हती. भाडेपट्ट्याची मुदत संपली होती. कंपनी जागा सोडेना. म्हणजे आपल्या सावर्ड्याच्या गाळ्याचीच गोष्ट, फक्त आकार मोठा.

न्यायालयाने दाव्याचे दोन भाग करून पाहिले. करारनाम्यात एक कलम होतं, की मुदत संपल्यावर भाडेकरू जागा परत देईल. त्या कलमाच्या आधारे ताबा मागितला तर तो करारातून आलेला हक्क. पेढी नोंदलेली नाही, तेव्हा तो मार्ग बंद. पण वादीने सोबत कायद्याचाही आधार घेतला होता. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ याचं कलम १११(अ) सांगतं की मुदत संपली की भाडेपट्टा संपतो. कलम १०८(क्यू) सांगतं की भाडेपट्टा संपल्यावर भाडेकरूने ताबा परत दिलाच पाहिजे. हे बंधन पक्षकारांनी ठरवलेलं नाही, कायदेमंडळाने घातलेलं आहे. त्यावर उभा असलेला हक्क करारातला नव्हे, कायद्यातला. तेवढ्या आधारावर दावा चालतो. पेढीला ताबा मिळाला.

म्हणजे त्याच दाव्यात, त्याच जागेसाठी, एक पाय अडला आणि दुसरा चालला.

मला विचाराल तर हा फरक तर्कदृष्ट्या जरा पातळ आहे. कलम १०८ ची सुरुवातच 'वेगळा करार किंवा स्थानिक रूढी नसेल तर' अशा अर्थाच्या शब्दांनी होते. म्हणजे करार गप्प असेल तिथे कायदा बोलतो. आणि मुळात करार नसता तर भाडेकरू तरी कुठून आला असता? पण निकालाची दिशा मला पटते. पाच वर्षांच्या बोलीवर गाळ्यात बसलेला माणूस मुदत संपल्यावरही एका तीन रुपयांच्या अर्जाच्या अभावी कायमचा मालक होऊन बसावा, असं १९३२ च्या समितीच्या स्वप्नातही नसेल. तिला तिसऱ्या माणसाला फसवणुकीपासून वाचवायचं होतं. गाळ्यात वर्षानुवर्षं बसलेल्या भाडेकरूला मालक कोण हे पक्कं ठाऊक असतं, दर महिन्याला तो त्यालाच भाडं मोजतो. पुराव्याचा कायदाही त्याला आपल्या मालकाची भाडेपट्ट्याच्या सुरुवातीची मालकी नाकारू देत नाही (जुनं कलम ११६, १ जुलै २०२४ पासूनच्या साक्ष अधिनियमात कलम १२२).

आता भाडं थकलं असेल तर? इथे उत्तर उलटतं. थकलेलं भाडं हा करारातला पैसा. नोंद नसलेल्या पेढीला तो दाव्याने वसूल करता येत नाही. पण मुदत संपल्यानंतर भाडेकरू जेवढे दिवस बळजबरीने बसला त्या दिवसांची नुकसानभरपाई, ती भाडं नव्हे. करार संपलेलाच असतो. ती ताब्याच्या दाव्याबरोबर मागता येते. तसंच मुदत चालू असतानाच, 'करारातली अमुक अट मोडलीस' म्हणून गाळा परत मागितला, तर पेढीची वाट पुन्हा अवघड होते, कारण सगळा भार त्या अटीवर असतो. म्हणून निकालपत्र वाचताना नुसतं 'ताबा' की 'भाडं' एवढंच बघू नका. मागणी कशाच्या आधारावर होती हे दाव्याच्या अर्जातून शोधा. निकालपत्राच्या शेवटच्या पानावर ते नसतं.

भाडेनियंत्रण आलं की चित्र बदलतं

इथवर आपण मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या मुलखात होतो. पण महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत त्याच्या वर भाडेनियंत्रण कायदा बसलेला आहे. मुंबईत याची सुरुवात पहिल्या महायुद्धाच्या काळात झाली. मग १९४७ चा बॉम्बे रेंट ॲक्ट, आणि त्याच्या जागी महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, जो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. हे कायदे सरसकट सगळ्या गावांना लागू नसतात. कुठे लागू हे परिशिष्टांत दिलेलं असतं. तुम्ही अभ्यासाला घेतलेलं गाव त्यात त्या वर्षी होतं की नव्हतं, हे आधी तपासा. नाहीतर सगळं विश्लेषण चुकीच्या कायद्यावर उभं राहील.

जिथे भाडेनियंत्रण लागू आहे तिथे करार संपला म्हणून भाडेकरू उठत नाही. तो भाडं देत राहील तोवर कायदा त्याला सांभाळतो. मालकाला जागा हवी असेल तर कायद्यात दिलेल्या कारणांपैकी एक सिद्ध करावं लागतं: भाडं थकवलं, परवानगीशिवाय पोटभाडेकरू ठेवला, मालकाला स्वतःला जागेची खरी गरज आहे, वगैरे. १९७९ साली व्ही. धनपाल चेट्टियार विरुद्ध यशोदाई अम्माळ या तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांनी सांगितलं, की भाडेनियंत्रणाखाली ताबा मागताना आधी मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे भाडेपट्टा संपवण्याची नोटीस देण्याची गरजच नाही. कारण ताबा मिळणार तो भाडेनियंत्रण कायद्यातल्या कारणांमुळे.

या निकालात भागीदारीचा विषयच नाही, तरी आपल्या प्रश्नाला त्याचा फार उपयोग आहे. ताब्याचा हक्क जर भाडेनियंत्रण कायद्यातूनच येत असेल, तर तो 'करारातून आलेला' कसा? नोंद नसलेल्या पेढीच्या बाजूने हाच युक्तिवाद होतो, आणि रॅप्टाकोसनंतर तो आणखी भक्कम झाला. गंमत बघा: जो कायदा भाडेकरूला वाचवायला आला, त्यानेच नोंद नसलेल्या मालकाला कलम ६९ च्या अडसरातून बाहेर पडायची वाट दिली.

सर्वोच्च न्यायालयाने नंतर आणखी एक वाट उघडली. हल्दीराम भुजियावाला प्रकरणात (२०००) ट्रेडमार्कचा वाद होता. तिथे न्यायालयाने १९३२ च्या आधीच्या त्या विशेष समितीचा अहवाल काढून वाचला आणि म्हटलं, की कलम ६९(२) मधला करार म्हणजे पेढीने आपल्या धंद्याच्या ओघात, समोरच्या प्रतिवादीशीच केलेला करार. २०२२ च्या शिव डेव्हलपर्स विरुद्ध अक्षराय डेव्हलपर्स या निकालात हीच कसोटी जमिनीच्या खरेदीखताच्या वादाला लावली गेली आणि नोंद नसलेल्या पेढीचा दावा चालू दिला. आता विचार करा: काजूचा व्यापार करणाऱ्या पेढीने आपली रिकामी वखार भाड्याने दिली, तर तो करार तिच्या धंद्याच्या ओघातला का? आणि आपल्या उदाहरणातल्या तिघांचा तर भाड्याने देणं हाच धंदा, म्हणून त्यांना ही वाट मिळणार नाही. त्यांना रॅप्टाकोसच्याच वाटेने जावं लागेल. एकाच गावातल्या शेजारशेजारच्या दोन पेढ्या, दोघींची नोंद नाही, दोघींचा भाडेकरू उठत नाही, आणि तरी दोघींचे युक्तिवाद वेगळे.

महाराष्ट्राने मेख आणखी खोल मारली होती

आपल्या राज्याचा एक अध्याय मध्येच राहतो, तो सांगते. मूळ कायद्यात एक सवलत होती. पेढी नोंदलेली नसली तरी भागीदाराला पेढी विसर्जित करा, विसर्जित पेढीचा हिशोब द्या, तिची मालमत्ता वसूल करून द्या, असे दावे लावता यायचे. धंदा मोडतानाचा तो शेवटचा आधार. १९८४ च्या महाराष्ट्र अधिनियम २९ ने कलम ६९ मध्ये (२अ) हे पोटकलम घुसवलं आणि भागीदारांमधले हे दावेसुद्धा नोंदणीशिवाय बंद केले. मयत भागीदाराच्या वारसांना तेवढी सूट ठेवली. हेतू उघड होता: लोकांना नोंदणी करायला लावायची.

पण परिणाम काय झाला? तीन भागीदारांपैकी एकाने इमारत, वह्या आणि भाडं सगळं आपल्या ताब्यात ठेवलं, तर बाकी दोघांनी जायचं कुठे? बाहेरच्या माणसाच्या संरक्षणाचा इथे काही संबंधच नाही, भांडण आतलं आहे. २० मार्च २००९ रोजी व्ही. सुब्रमण्यम विरुद्ध राजेश रघुवंद्र राव या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे पोटकलम घटनाबाह्य ठरवलं; अनुच्छेद १४, १९(१)(ग) आणि ३००अ या तिन्हींचा भंग होतो म्हणून. जवळपास पाव शतक ती तरतूद महाराष्ट्रात लागू होती. त्या काळात किती भागीदारांनी कोर्टाची पायरी न चढताच आपला हिस्सा सोडला असेल, हे निकालपत्रांतून कळणारच नाही. जे दावे लागलेच नाहीत त्यांची फाईल नसते. माझ्या संशोधनातला हा सगळ्यात अवघड भाग आहे, आणि तिथे मला वह्या, पावत्या आणि मुलाखती यांच्याकडेच वळावं लागतं.

'दावा फेटाळला' म्हणजे काय सिद्ध झालं?

आता पुन्हा त्या वाक्याकडे येऊ. नोंदणी नाही म्हणून दावा फेटाळला, असं दफ्तरात लिहिलेलं आहे. यावरून संशोधकाने लिहावं का, की 'न्यायालयाने मालकाचा हक्क नाकारला' किंवा 'गाळा भाडेकरूचा ठरला'? अजिबात नाही. कलम ६९ हक्क मारत नाही. तो बजावण्याची वाट अडवते. मालकी तिथल्या तिथेच असते. पेढीने नोंद करून घेतली आणि मुदत शिल्लक असेल तर नवा दावा लावता येतो. आधीच लावलेला दावा मात्र नंतरच्या नोंदणीने सुधारत नाही. दिल्ली विकास प्राधिकरण विरुद्ध कोछर कन्स्ट्रक्शन या १९९८ च्या निकालात हे स्पष्ट केलं. नोंद दावा दाखल करण्याच्या दिवशी असायला हवी, आणि दावा करणाऱ्या भागीदारांची नावंही त्या दिवशी रजिस्टरात असायला हवीत. नवा भागीदार घेतला आणि रजिस्टरात कळवलं नाही, तर नोंदलेली पेढीसुद्धा अडकते.

मुदतीचे आकडेही इथे बोलके आहेत. थकलेल्या भाड्याच्या दाव्याला मुदत ३ वर्षं. भाडेपट्टा संपल्यापासून भाडेकरूकडून ताबा मागायला १२ वर्षं. तेव्हा पहिला दावा नोंदणीअभावी फेटाळला गेला, तरी ताब्यासाठी दुसरा दावा बराच उशिरा येऊ शकतो. भाड्याचा बहुतेक येत नाही, कारण तोवर तीन वर्षं उलटलेली असतात. म्हणून फेटाळलेल्या दाव्याची फाईल मिळाली की तिथे थांबू नका. त्याच पक्षकारांची नावं पुढच्या बारा वर्षांच्या दावा-रजिस्टरांत शोधा. वादीच्या नावाचा कॉलम नीट बघा, कारण दुसऱ्या वेळी दावा पेढीच्या नावाने नसून तिघांच्या नावांनी लावलेला असू शकतो, आणि मग नुसत्या पेढीच्या नावाने शोधलंत तर तो तुम्हाला दिसणारच नाही. दोन दाव्यांच्या मध्ये रजिस्ट्रार ऑफ फर्म्सचा दाखला कोणत्या तारखेचा आहे, ती तारीख दुसऱ्या दाव्याच्या तारखेशी ताडून पाहा.